वास घेणारा

(राखोलीतल्या दारूच्या कारखान्याची तपासणीची खोली. साल एकोणीसशे त्र्याण्णव. सुट्टीची दुपार, मशिनं बंद.)

सुकदेव : नाही साहेब, आधी हे सांगा. सुट्टीच्या दिवशी मलेच का बोलावलं? तुमी केमिस्ट. बाटल्या धुनाऱ्याचं इथं काय काम?

प्रभाकर : काम आहे म्हणूनच ना. बस. ही बाटली बघ. शेठ विलायतेहून घेऊन आले. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची व्हिस्की. नुसत्या जवाची, एकाच भट्टीची. बारा वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली.

सुकदेव : बारा वर्षं! आन आपला माल? सकाळी टाकीत स्पिरिट, वर पानी, एसेन्स, जळकी साखर. संध्याकाळी ट्रकमधी. लेबल मात्र सोनेरी.

प्रभाकर : शेठना हाच वास आपल्या मालात हवाय. उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय. तुझं नाक तिखट आहे, म्हटलं तूही बघ.

सुकदेव : दोन्ही ग्लासांले कागद का गुंडाळला?

प्रभाकर : रंग दिसला की नाक फसतं. आधी तसंच हुंगायचं, मग दुसऱ्या ग्लासातलं पाणी दोन थेंब घालून पुन्हा. थांब, वही घेतो... हं. हा बघ. व्हॅनिला आहे. थोडी संत्र्याची साल.

सुकदेव : साहेब.

प्रभाकर : काय?

सुकदेव : तो पान्याचा ग्लास आहे. तुमी वही घ्यायले वळले, तवा मीच बदलला.

प्रभाकर : हलकटपणा आहे हा, सुकदेव.

सुकदेव : असंल. दिवाळीले नासक्या स्पिरिटचा टँकर आला, तुमी हुंगून पास केला. मी बोंबललो म्हनून परत गेला. तवापासून डोक्यात होतं. कधी गेलं नाक?

प्रभाकर : दीड वर्ष झालं. मे महिन्यात भावानं देवगडहून आंब्यांची पेटी पाठवली. खाटेखाली ठेवली नि विसरलो. अळ्या लादीवर आल्या तेव्हा कळलं.

सुकदेव : एवढ्या दिवसात घरात कोनी बोललं नाही?

प्रभाकर : घरात कोण आहे? बायको गेल्यापासून कडी मीच काढतो, मीच लावतो.

सुकदेव : सोळा वर्षं एसेन्सच्या खोलीत. पंखा नाही, तोंडाले फडकं नाही. यांनीच खाल्लं तुमचं नाक. सांगा की शेठले तोंडावर!

प्रभाकर : सांगितलं की म्हणतील, राहती खोली खाली करा. कंपनीची खोली आहे ती. जाऊ कुठं? भावाच्या पडवीत? तू नुसतं सांग, मी लिहितो. कोणाला कळायचं नाही.

सुकदेव : आन सही तुमची! टँकर मी पकडला, शाबासकी तुमाले. जमनार नाही. कागदावर माझं नाव टाका, नाहीतर हा चाललो किलवणीले. पोरं वाट बघतात.

प्रभाकर : नाव टाकलं तर शेठ विचारतील, साहेबाच्या नाकाला काय झालं?

सुकदेव : विचारू द्या. खरं सांगा एकदा. नाहीतर उद्याच्या रिपोर्टले तरसाल, परवा काय करसाल? चलतो.

प्रभाकर : थांब. बस रे... लिहितो. हे बघ. वास घेणारा, सुकदेव... आडनाव काय तुझं?

सुकदेव : नऊ वर्षांनी विचारता. सोनवने.

प्रभाकर : सुकदेव सोनवणे. शाईनं लिहिलंय. आता सांग.

सुकदेव : धूर आहे. चुलीचा नाही, ओली माती भाजावी तसला. मागून दवाखाना. जखमेवरचं तांबडं औषध. आपल्याकडं असला माल आला असता ना, तर मी गटारीत वतला असता!

प्रभाकर : मी पण. आता एक घोट तोंडात धर.

सुकदेव : आधी गोड. मग जाळ. मग... मीठ हाये साहेब. दारूत मीठ? दुधनीले धरनाच्या काठावर ओल्या जाळ्या टाकतात, तसलं कायतरी. पन खारं.

प्रभाकर : समुद्र बघितलायस?

सुकदेव : कुठून? दमनचा किनारा इथं हाकेवर, पन सुट्टीत पोटाची कामं निघतात.

प्रभाकर : तो समुद्रच आहे. आमच्या देवगडला रापणीचं जाळं ओढून झालं की दोर वाळूत पडलेले असतात. खारट... थोडं कुजकं?

सुकदेव : थोडं. डांबर लावल्यागत.

प्रभाकर : होडीला लावतात डांबर. उन्हात तापतं.

सुकदेव : हां, तापल्यागतच. झालं साहेब, पान भरलं. रिपोर्ट झाला तुमचा.

प्रभाकर : तुझा. उद्या तूच ने शेठकडे, मी मागं उभा राहतो.

सुकदेव : मंग निघू?

प्रभाकर : पेन मी खाली ठेवलंय. तू आणखी एकदा हुंग आणि नुसतं सांग. सावकाश.