बंदूक धरलेला हात

स्वामीजी, तुमी कदी माणूस मारलाय का? — न्हाय, हसू नका, ही रत्नव्वा खुळ्यागत काय इचारती म्हणून. मारला न्हाय न्हवं? मग उद्याच्या सत्कारात माझ्या राजशेखरला काय सांगणार हाय तुमी? मांडव घातला, मठाच्या दारात कारगिलचा वीर म्हणून त्याच्या फोटूचा बोर्ड लावला — आणि त्याला इचारलं का कुणी, बाबा, येतोस का? तो येणार न्हाय. तेच सांगायला आले मी. बसत न्हाय, हुबीच बरी हाय.

पलटणीत जायच्या आदी पोरगं हितंच आलतं, तुमच्या पायाशी बसलतं. आमच्या घरात अंडं शिजत न्हाय, मी माणसावर बंदूक कशी धरू, म्हणून इचारलतं त्यानं. आणि तुमी काय म्हणला? — केळं सोलत सोलत म्हणला — धर्माच्या लढाईत पाप नसतंय, बंदूक धरलेला हात तुझा नसतो, देशाचा असतो. झालं. पोरगं हलकं हून घरला आलं, पोटभर जेवलं. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता लढाई बरोबर हुती का चूक, ते मला शिकवू नका. आपल्या डोंगरावर चढून बसलं हुतं ते, हाकलायलाच पायजे हुतं. माझा बांध कुणी कोरला तर मीबी खुरपं घिऊन हुबी ऱ्हाते की. ते कळतंय मला. मी इचारते त्या एका माणसाचं. कुठला? — सांगते की. ठाणं हातात आल्यावर, गोळीबार थांबल्यावर, खालनं त्या दुश्मनातला एकजण वर आला. हातात बंदूक न्हाय, काय न्हाय. त्याच्याच जखमी गड्याला बकुटीला धरून वडत न्यायला लागला. राजशेखरनं त्याला घातली गोळी. सायबानं सांगितलं न्हवतं, कुणीच सांगितलं न्हवतं. — उद्या तोच बंदूक घिऊन परत आला असता, म्हणता? आला असता की. राजशेखरबी तेच म्हणतोय. सुट्टीवर आल्यापासनं रोज म्हणतोय, भिताडाकडं तोंड करून. मग तुमी आणि त्यानं दोघांनी म्हटल्यावर झोप का येत न्हाय त्याला? हात देशाचा हुता न्हवं, मग देशानं झोपावं की त्याच्या वाटचं.

आणि लिंग काढून ठेवलंय त्यानं. व्हय, गळ्यातलं. बारशाच्या आदी बांधलेलं, जे मेल्यावरबी हातात देऊन पुरत्यात आपल्यात, ते देवळीत ठेवलंय. मी म्हटलं, बांध की रे, रिकामा गळा बगवत न्हाय. तर म्हणतो, आव्वा, ह्या हातावर ठिऊन पूजा करू कशी? ह्याच हातावर? — काय सांगू मी त्याला? तुमी शास्त्र शिकलेली माणसं, मी धाव्वीपातुर गेलेली बाई. तुमचं ऐकून पाठवला मी त्याला. शाल-नारळ नको आमाला. घरला या, त्याच्या म्होरं बसा, आणि तेच सांगा परत एकदा, त्याच्या डोळ्यात बगून.

मी? मी काय समजूत घालू. मी जेवायला वाढते, हातरूण घालते. काल पाणी मागितलं त्यानं, तर मी तांब्या हातात न देता खाली ठेवला, आणि त्यानं बगितलं — का ठेवला म्हणजे? आसाच ठेवला. हात पिठाचा हुता माझा. आईला काय लेकराच्या हाताची — पिठाचा हुता म्हटलं न्हवं. काय बगताय माझ्याकडं आसं?

ऱ्हाऊ दे. येऊ नका तुमी. निघते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजशेखर गळ्यात लिंग न बांधताच, सुट्टी शिल्लक असताना, पहिल्या एस्टीनं पलटणीकडं निघून गेला.