भिंतीजवळची पलटी

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची बस भरून उभी होती. खिडकीशी ज्योत्स्नाबाई, शेजारी होस्टेलला निघालेली एक पोर, आणि खाली तिला सोडायला आलेले तिचे बाबा. बापलेकीचं सगळं बोलणं बाईंच्या तोंडावरून चाललं होतं.

"पोहण्यात तं तूच पुढं होती. मंग हरली कशी?"

"पलटी जमत नाही, बाबा. पाण्यातच कोलांटी घ्या लागते अन् भिंतीले पाय मारून परत फिरा लागते."

"भेव लागते का?"

"भेव नाही. भिंत आली का डोकं वर निघते माह्यं. सर म्हणतात, हनुवटी छातीले लाव, तळाची काळी पट्टी पाहा."

"मंग काहून नाही पाहत?"

"आपल्या इहिरीत भिंत आली का मी वर पाहत होती. तुमी काठावर बसून राहत होते ना."

"आता तं मी तिथं नसतो."

"तरी निघते."

"दिवाळीनंतरच्या स्पर्धेले येऊ का मी?"

"नका येऊ."

"मांगं कोपऱ्यात बसीन. दिसणारच नाही तुले."

"तुमी आले हे समजलं, तं मी धुंडतच राहीन, बाबा."

"बरं. नाही येत."

कंडक्टरनं घंटी मारली. ज्योत्स्नाबाई उठल्या आणि खिडकीची जागा त्यांनी पोरीला दिली. गाडी हलली तशी तिनं मान बाहेर काढली.

"आचल, डोकं आत घे!" बाबा गाडीमागं धावत होते. "आत घे ना, बाई!"

स्टँडचं फाटक मागं पडेपर्यंत तिनं ते घेतलं नाही.