ऑक्झलेटच्या सुया

सिरी : परत बघ. आणि पडदा हलवू नकोस.

नचांग : बघितलं. सगळे बसलेत तसेच. कुणी बोलत नाहीये. आई हसतेय, पण ते तिचं चर्चमधलं हसू आहे.

सिरी : आणि पा आवा?

नचांग : डोळे मिटून. झोपलेत की प्रार्थना करतायत, कळत नाही.

सिरी : नचांग, जेवण झालं की आकुमकडचे मोठे म्हणून पा आवांनीच मागणीचं बोलायचं असतं. ‘तुमच्या अंगणात एक फूल दिसलं, म्हणून आलो.’ एवढं एक वाक्य. ते का बोलत नाहीयेत?

नचांग : फूल म्हणजे तू ना? अख्खी सकाळ वेण्या घालून घेण्यात गेली, म्हणून विचारते.

सिरी : मारीन हं. आकुमकडे बघ. काय करतोय?

नचांग : त्याची पाठ आहे इकडे. त्याच्या काकांचं ताट दिसतंय. केळीच्या पानावर अळकुडीच्या लगद्याची, अचूची गोल भिंत अर्धी उभी, मधलं पिवळं सारही तसंच.

सिरी : भिंत ठेवली?

नचांग : पोट भरलं असेल गं.

सिरी : पोट भरलं म्हणून कुणी भिंत ठेवतं का? बोट फिरवून फिरवून सगळी संपवतात माणसं. बाबा मागणी घालायला आले तेव्हा त्यांनी भिंत ठेवली होती, तर आजोबांनी वर्षभर त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नाही. म्हणाले, याच्या मनात काहीतरी राहिलंय.

नचांग : बाबांच्या मनात त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती. त्यांनीच सांगितलंय मला.

सिरी : उखळात उरलाय ना अचू? दे जरा. चवच बघते.

नचांग : घे. सार संपलंय, नुसताच खा. बघ कसा लोण्यासारखा कुटलाय. माझे खांदे गेले.

सिरी : हं. मऊ आहे. चांगला... नचांग.

नचांग : काय?

सिरी : जीभ. जिभेला काहीतरी होतंय. घशात कुणी खराट्याची काडी फिरवतंय.

नचांग : काहीतरीच. हे बघ, मी पण खाते. मला तर अजिबात... थांब. आलं. मलाही आलं.

सिरी : कच्च्या ठेवल्यास तू अळकुड्या!

नचांग : शक्यच नाही. मी त्यातलं ऑक्झलेट काढून टाकलं होतं.

सिरी : काय काढून टाकलंस?

नचांग : ऑक्झलेट. खाज त्याचीच असते. आम्हाला आहे रसायनशास्त्रात. दोन कार्बन, चार ऑक्सिजन, आणि वर दोन ऋण भार. ते एकटं राहूच शकत नाही, कुणाशी तरी जोडी जमवतं. सोडियम नाहीतर पोटॅशियम भेटलं की जो क्षार होतो तो पाण्यात विरघळतो. म्हणून मी हंड्यातलं उकळतं पाणी ओतून दिलं आणि नवीन घातलं. पुन्हा ओतलं, पुन्हा घातलं.

सिरी : गार पाणी?

नचांग : नळाचं.

सिरी : आईनं काय सांगितलं होतं? पहाटे हंडा चढवायचा, वर केळीची पानं दाबायची, आणि सोलायला घेईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

नचांग : आई कारण सांगत नाही. मॅडम सांगतात.

सिरी : इथे माझी जोडी मोडायला आलीय आणि ही ऑक्झलेटची जमवतेय. सगळं ओतून दिलंस ना? मग खाजतंय कशानं?

नचांग : तेच तर कळत नाहीये. सोडियम विरघळतं, पोटॅशियम विरघळतं. राहिलं कॅल्शियम. कॅल्शियमशी जोडी जमली तर तो क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याच्या सुया होतात, अगदी बारीक, दोन्ही टोकांना... अगं आई गं.

सिरी : काय झालं?

नचांग : घशात टोचतायत त्या सुया आहेत, सिरी. मी विरघळणारं ते ओतून दिलं आणि सुया तेवढ्या वाढल्या पाहुण्यांना.

सिरी : मग आई उकळते तेव्हा सुया कुठे जातात?

नचांग : कुठेच नाही. उकळूनही विरघळत नाहीत त्या.

सिरी : मग तिचा अचू का नाही खाजत?

नचांग : मला काय माहीत? आमचा धडा तिथेच संपतो.

सिरी : म्हणजे बाहेरचे गप्प बसलेत ते घसे धरून? की नकार आहे म्हणून?

नचांग : दोन्ही असू शकतं ना.

सिरी : आणि आई सगळ्यांना सांगून बसलीय, अचू सिरीच्या हातचा आहे म्हणून. नचांग, मी रडले तर काजळ उतरेल का गं?

नचांग : नको रडूस. कुणीतरी उठलंय. इकडेच येतंय.

(पडदा सारून आकुमची मावशी, मा मांका, आत येते. एक हात गळ्यावर.)

मा मांका : पामचं लाल तेल आहे का, पोरींनो? चमचाभर. घसा ओला करायला.

सिरी : बसा, मा. हे घ्या. मा, अचू मीच...

नचांग : ही खोटं बोलतेय, मा. ही वेण्या घालून घेत होती. अचू मी केला. पाणी मी बदललं.

सिरी : हिला मी सांगितलं होतं करायला. चूक माझीच.

नचांग : तू कुठे सांगितलंस? मीच हट्टानं...

मा मांका : एकेकीनं बोला. खाज घशाला आहे, कानांना नाही. पाणी कशाला बदललं?

नचांग : ऑक्झलेट जावं म्हणून.

मा मांका : गेलं?

नचांग : अर्धं. टोचणारं राहिलं.

मा मांका : हं. आणखी एक चमचा घाल. पा आवांसाठी वाटीभर दे, त्यांना बोलायचंय. मघापासून तोंड उघडतात आणि मिटतात. तुमच्या आईला वाटतंय ते रागावलेत. त्यांना वाटतंय तुमची आई आमची परीक्षा बघतेय. आकुमचे काका म्हणाले, या घराला आपण नको असू, म्हणून असं वाढलंय. त्यांनी तर बोट काढूनच घेतलं.

सिरी : बघितलं आम्ही. भिंत उभी आहे त्यांची.

मा मांका : काकांची राहू दे. लग्न त्यांचं झालंय कधीचं.

सिरी : मा... आकुमनं किती ठेवलीय?

मा मांका : डोळ्यांतून पाणी गळत होतं त्याच्या. मी दोनदा पाय दाबला, पुरे म्हणून. ऐकेना.

सिरी : म्हणजे किती?

मा मांका : ताटात पान उरलंय, बाई. केळीचं.