रंगखोलीतला फवारा

जबाब देणार: बाजारात "मोठे" या नावाने ओळख. वय ५६. धंदा: गाड्यांना रंग मारणे. राहणार: गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, जिना बाहेरून.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे, कोणी पढवून पाठवलेले नाही. विचारल्यावरून सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी, बायको आणि माझा सख्खा धाकटा भाऊ राहतो. खाली गॅरेजचे दोन भाग आहेत. आत माझी रंगखोली, रस्त्याच्या बाजूला धाकट्याचा गाड्या चमकवण्याचा धंदा. मध्ये पत्र्याची भिंत आणि एक दार. माझी तक्रार धाकट्याविरुद्ध आहे. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता. त्याचा डबा, शाळा, आजारपण सगळे मीच पाहिले. याचा तक्रारीशी संबंध नाही असे साहेब म्हणाले, पण मी ते लिहायला लावले.

भांडण फवाऱ्याचे आहे. ते साहेबांना उमगेना, म्हणून मुळापासून सांगावे लागले. आमचे वडील गाडी चमकवायला डब्यातले घट्ट मेण वापरत. फडक्यावर बोटभर घ्यायचे, गोल गोल चोळायचे, वाळू द्यायचे, मग पुसायचे. एका गाडीला दिवस जायचा आणि संध्याकाळी खांदा वर होत नसे. पुढे बाटलीतले पातळ पॉलिश आले. मग दाबाचे डबे आले, फुस्स केले की झाले. त्यांत सिलिकॉन असायचे. चमक पाहत राहावी अशी, पण रंगाऱ्याचा तो हाडवैरी. ते उडालेल्या पत्र्यावर नवा रंग मारला की रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वडिलांनी तो डबा रंगखोलीच्या उंबऱ्याबाहेरच ठेवला. आता पिचकारीच्या बाटल्या निघाल्या आहेत, त्यांतही तेच सिलिकॉन. मारा, पुसा, काचेसारखा थर बसतो म्हणतात. कष्ट कमी होत गेले आणि बाटली महाग होत गेली. धाकटा म्हणतो, "दादा, लोकांना वेळ नाही, चमक हवी." मी त्याला एकच अट घातली होती की बाटली मधल्या दाराच्या आत येता कामा नये.

गेल्या काही महिन्यांपासून माझ्या रंगात खड्डे पडू लागले. मी रंगाला हवा देणाऱ्या काँप्रेसरची गाळणी बदलली, नळी बदलली, कामगारांचे कपडे हुंगून पाहिले. एकाला काढूनही टाकले. तरी खड्डे थांबेनात, तेव्हा पाणी कुठे मुरते आहे ते माझ्या ध्यानात आले. रंगखोलीतला उजेडही कमी झाला होता. मी ट्यूब दोनदा बदलल्या. धाकटा म्हणाला, उजेड चांगला आहे. दिव्यांतही त्यानेच काहीतरी केले असावे असा माझा संशय आहे. माझे काम बंद पडले तर आतली जागा त्याला आयती मिळते. आमचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले शेठ. आणखी एक गाडी बिघडली तर सगळ्या टॅक्सी दुसरीकडे नेईन, असे त्यांनी बजावले आहे.

बायकोवरही माझा विश्वास उरलेला नाही. मी जिन्यात आलो की दोघांची अळीमिळी गुपचिळी होते. मध्यंतरी ती मला म्हणाली, "अहो, किती राबाल? आता त्याला करू द्या, तुम्ही जरा बसून राहा." बसून राहा याचा अर्थ न कळायला मी दुधखुळा नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन येतो असे सांगून मी वर गेलो नाही. रंगखोलीत कापड घालून ठेवलेल्या एका गाडीत बसून राहिलो. थोड्या वेळाने बायको मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे लक्ष ठेवू लागली. मग धाकटा आला. एका हातात फडके आणि घासायचा कागद, दुसऱ्यात पिचकारीची बाटली. तिथे शेठची काळी टॅक्सी उभी होती. तिचे मागचे दार मी काल रंगवले होते, पुढचे उद्या रंगवायचे होते. धाकटा मागच्या दाराशी उकिडवा बसला. मी बाहेर पडून त्याचे मनगट धरले. तो "दादा" एवढेच म्हणाला. मी त्याच्या कानाखाली मारली हे खरे आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय. बाटली आणि टॅक्सी घेऊन आम्ही तिघे इथे आलो. टॅक्सी धाकट्याने चालवली. मी हल्ली चालवत नाही, लोक एकदम अंगावर येतात.

सख्खा भाऊ कोठडीत गेलेला चालेल का, असे साहेबांनी विचारले. मी चालेल म्हणालो.

त्यानंतर साहेबांनी माझ्यासमोर धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, फवारा मीच मारतो. वर्ष झालं. दादाच्या रंगाला ओघळ येतात. तो मला बोलावून दाखवतो, बघ, आरसा झालाय. मी हो म्हणतो. तो जेवायला गेला की ओघळ घासतो. घासलेली जागा पांढुरकी दिसू नये म्हणून वरून फवारा मारतो. तो शेजारच्या पत्र्यावर उडतो आणि दादानं तिथं रंग मारला की खड्डे पडतात."

साहेब म्हणाले, "खड्डे पडतात हे माहीत असून?"

तो म्हणाला, "खड्ड्याचा दोष हवेला देता येतो, माझ्या बाटलीला देता येतो. ओघळ दिसला की लोक रंगाऱ्याचा हात बघतात."

बायको म्हणाली, "डोळे दाखवून या म्हटलं की यांचं डोकं फिरतं. मग काय करणार होतो आम्ही?"

मी हे मान्य केले नाही. साहेब मला आवारात टॅक्सीपाशी घेऊन गेले. ऊन होते. मागचे दार मी वरपासून खालपर्यंत पाहिले. साफ दिसले. तसे मी साहेबांना सांगितले. मग हात फिरवला. हँडलच्या खाली बोटाला ओघळ लागला, चांगला वीतभर, शिकाऊ पोरालाही मी ज्यासाठी बोललो असतो असा. मी वाकून पुन्हा पाहिले. तरी दिसला नाही. साहेबांसमोर मला फार लाज वाटली.

तक्रार ठेवायची की मागे घ्यायची, असे आत आल्यावर विचारण्यात आले. मी सांगितले की माझी तक्रार आहे, पण ती आता वेगळी आहे. त्याने हे मला वर्षभर सांगितले नाही, ही तक्रार आहे. त्याला कलम नाही असे साहेब म्हणाले. कलम नसेल तर सोडून द्यावे. आणि काढलेल्या कामगाराला मी उद्या बोलावणार आहे, तेही लिहावे.

मागाहून जोडले: जबाबाचा कागद वाचण्यासाठी माझ्या हातात दिला. मी तो लांब धरला, जवळ धरला. साहेब वाचून दाखवतो म्हणाले. मी म्हणालो, बाहेर बाकावर माझा भाऊ आहे, तो वाचेल. असे चालत नाही म्हणाले, नंतर चालले. धाकट्याने पहिल्या ओळीपासून सगळा वाचला, त्याच्याबद्दल जे वाईट सांगितले होते तेही न गाळता. मी बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे. सही कुठे करायची ती जागा त्याने माझे बोट धरून दाखवली.