परत न आलेला नारळ

पोलादपूरच्या बाजारात भज्यांचा घाणा निघायची वाट बघत चार गिऱ्हाइकं ताटकळली होती. विहिरीसाठी घेतलेला नवा दोर काखेत धरून ठमाबाई पायरीवर टेकली होती. तिच्या पुढ्यात एक मुंबईकर तरणा आणि एक म्हातारा बोलत होते.

"एवढी भजी कुणाला रे?"

"धबधब्यावर न्यायचीत, बाबा. आम्ही पाच जण गिरणीतले. दिवाळीच्या सुट्टीत पवायला आलोय."

"ह्या वरच्या डोहात? नारळ सोडलात का?"

"सोडला की. आयनं बजावलं व्हतं."

"मग पलीकडच्या खडकाशी वर आला?"

"नाय. धारेखाली गेला तो गेलाच. जळदेवतेनं घेतला म्हणून आम्ही हात जोडले."

"किती वेळ थांबलात?"

"एक विडी सरंपर्यंत."

"अरे, ती घेते नि पलीकडं परत देते. नारळ हातात आल्याबिगर पाण्यात पाय घालायचा नसतो."

"आन् नाय आला तर?"

"तर पाण्याखालची कपार आत ओढतेय. कुणी उतरलं नाय ना?"

"माझा भाऊ चांगला पवतो, बाबा. चौपाटीवर शिकलाय."

"उतरलाय का, ते सांग."

"मी निघालो तवा सदरा काढीत व्हता."

"घ्या, गरम हायत," भजीवाला म्हणाला.

पुडा कुणी घेतला नाही. म्हातारा दोर मागायला पायरीकडे वळला, तर ठमाबाई दोराचं वेटोळं सोडवत डोहाच्या वाटेला लागलीसुद्धा होती.