रफूचा फोटो

स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी कॅमेऱ्याच्या दुकानात मी पासपोर्टचा फोटो काढायला थांबलो होतो. माझ्यापुढे रफूवाली एफी आणि तिचा नवरा वॉटी. काउंटरवर ट्वीडचा कोट पसरलेला.

“बारीकातलं बारीक टिपणारा कॅमेरा हवा. सूत न् सूत दिसलं पाहिजे.”

“हा बघा, बाई,” दुकानदारानं कोटाचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. “लोकरीचे केस मोजून घ्या.”

“आणि माझा रफू?”

“कुठंय?”

“कोपरावर. काटेरी तारेत अडकून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.”

“कोपर तर धड आहे. आणखी जवळून घेतो... छे! तुम्हीच दाखवा.”

“हा काय, इथं. नाही, इथं. वॉटी, कुठं रे केला होता मी?”

“चाळीस वर्षं ऐकतोय, रफू दिसला तर नाव बदलेन म्हणून. घे आता, तुझा तुलाच सापडेना!”

“हस मेल्या! नव्या गिऱ्हाइकाला दाखवू काय मग? नुसता कोट?”

“बाई, कॅमेऱ्याचं राहू द्या,” दुकानदार म्हणाला. “ माझ्या या कोटाला कसर लागलीय. एवढं भोक बुजवाल?”

“बुजवीन की. काढा तो, द्या इकडे... अहो, थांबा, थांबा! आधी त्या भोकाचा फोटो काढा.”