एक पुडा, एक माणूस

…आणि अक्षरं तरी केवढी हो! तुम्हाला सांगतो, पुड्याच्या पुढच्या बाजूला हिरवं पान, उगवता सूर्य, उड्या मारणारं कुटुंब, तळहाताएवढ्या अक्षरांत 'ओट्सची पौष्टिक बिस्किटं'; आणि साखर किती? ती मागे, खालच्या कोपऱ्यात, तीही दुमडीत! वाचणार कोण? मी!

कारण काय, तर डॉक्टरीणबाईंनी बाबांना दम भरलाय, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोज पोटात इंजेक्शन. पोटात! आणि चौतीस वर्षं गणित शिकवताना अख्ख्या शाळेला घाम फोडणारा हा माणूस, सुई म्हटली की स्वतःच घामाघूम!

म्हणून मी दुकानात, एका हातात दोन डबे, दुसऱ्यात मोबाइलचा दिवा लावून उभा. मागून एक काकू, "सरक की रे, परीक्षेला बसलायस का?" म्हटलं, काकू, तीच सोडून आलोय! तर म्हणे, "बरं, वाचतोयसच तर सांग, कॅलरी कशात जास्त?" ह्यात. "मग तोच दे. पोरांना ताकद नको?" डबा दिला.

घरी येतो, तर बाबांनी स्वतःच आणलेला बिस्किटांचा पुडा निम्मा फस्त! चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर विजय. "हे बघा चिरंजीव, एका सर्व्हिंगला साखर पाच ग्रॅम. फक्त पाच!"

"अहो बाबा, सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं! पुड्यात चोवीस आहेत!"

"पुडा एक, माणूस एक, सर्व्हिंग एक."

"बारा सर्व्हिंग! बारा पंचे साठ! अख्खा पुडा म्हणजे साठ ग्रॅम साखर खाताय तुम्ही!"

"पहिल्याच वर्षी गणितात गटांगळ्या खाऊन कॉलेज सोडणारा मला पाढे शिकवणार?"

आणि आई आतून, "अरे, खाऊ दे रे, पथ्याचं आहे ते!" पथ्याचं! पानाचं चित्र छापलंय म्हणून पथ्याचं! मी पुडा लपवला, तर बाबांनी दुसरा आणला. मी साखरेच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला, तर त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली! ह्या मोठ्या माणसांचं कसं असतं माहितीये? आपलं चुकलं तरी तपासणारेही आपणच! मग वाचणार कोण? मी! आणि ऐकणार कोण? …जाऊ दे.

तीन महिने झाले. रिपोर्ट आला. साखर उतरली? छे! जिना चढून गच्चीवर गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "असं काय खाता हो सर?" आणि आमचे पूज्य पिताजी, पापणीही न लवता, "मॅडम, सामान हा आणतो. शिक्षण अर्धवट, वाचायचा कंटाळा."

बाई माझ्याकडे वळल्या. अशा प्रेमाने, असं सावकाश, जसं काही मी बालवाडीत… "बाळा, पुड्याच्या मागे… आकडे असतात. ते… वाचायचे असतात."

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडात बारा पंचे साठ तयार होतं! पण बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते टेबलावरच्या त्या सुईकडे बघत होते, आणि टेबलाखाली माझं मनगट असं आवळून धरलं होतं, असं, की बोटं पांढरी पडली.

म्हटलं, "हो मॅडम. आजपासून शिकतो."